कमीत कमी, पण कशाचे?

विल्यम डेव्हिडन हे अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. १९५० च्या दशकाच्या मध्याला ते एका लांबलचक आकडेमोडीत अडकले. अनेक अज्ञात राशींच्या किमती अशा शोधायच्या होत्या, की एका मोठ्या सूत्राचे मूल्य कमीत कमी व्हावे. हाताशी असलेली पद्धत सरधोपट होती. बाकीच्या राशी जागच्या जागी ठेवून एकच बदलायची, मूल्य उतरेल तेवढे उतरवायचे, मग दुसरी राशी घ्यायची, मग तिसरी, आणि शेवटची झाली की पुन्हा पहिली. त्या काळचे संगणक फार वेळ तग धरत नसत. गणित संपायच्या आत यंत्र बंद पडे आणि सगळी मेहनत वाया जाई. डेव्हिडन यांनी चांगल्या यंत्राची वाट पाहिली नाही, पद्धत बदलली. प्रत्येक पावलानंतर उतार किती बदलला याची नोंद ठेवायची, त्या नोंदींवरून पृष्ठभाग कुठे किती वळतो याचा अंदाज बांधत जायचा आणि पुढचे पाऊल त्या अंदाजाने टाकायचे. वक्रता थेट मोजणे महाग पडते. इथे ती चालता चालता, जवळजवळ फुकट हाती येते.

१९५९ मध्ये त्यांनी हे प्रयोगशाळेच्या एका अहवालात लिहिले. शोधनिबंध म्हणून मात्र तो स्वीकारला गेला नाही. १९६३ मध्ये इंग्लंडमधल्या रॉजर फ्लेचर आणि मायकेल पॉवेल यांनी ती पद्धत घासूनपुसून जगापुढे मांडली. १९७० मध्ये ब्रॉयडेन, फ्लेचर, गोल्डफार्ब आणि शॅनो या चौघांनी स्वतंत्रपणे तिचे सुधारलेले रूप दिले, आणि आज गणिती सॉफ्टवेअरला ‘मिनिमाइझ’ असा आदेश दिला की बऱ्याचदा याच कुळातली एखादी पद्धत आत धावत असते. डेव्हिडन यांचा मूळ अहवाल नियतकालिकात छापून आला तो १९९१ मध्ये, बत्तीस वर्षांनी. (जाता जाता सांगण्यासारखे: १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया या गावचे एफबीआयचे कार्यालय फोडून तिथली कागदपत्रे वर्तमानपत्रांकडे पाठवणाऱ्या युद्धविरोधी गटाचे म्होरके हेच डेव्हिडन. त्यांचे नाव जगाला कळले २०१४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. गणिताच्या पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही.)

या पुस्तकात डेव्हिडन यांच्या आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या लोकांच्या पद्धती तपशिलाने येतील. त्यांचा वापर कुठे होतो याची यादी करत बसलो तर प्रस्तावनेचेच पुस्तक होईल. पुलाच्या सांगाड्याचे वजन, रेणूची ऊर्जा, यानाला लागणारे इंधन, हवामानाचे मॉडेल आणि निरीक्षणे यांतली तफावत, न्यूरल नेटवर्कची चूक, हे सगळे कुणीतरी कुठेतरी कमीत कमी करत असते. जास्तीत जास्त करायचे असेल तर सूत्राचे चिन्ह उलटे केले की झाले. प्रत्येक वेळी लागतात त्या गोष्टी तीनच: बदलता येण्याजोग्या राशी, ज्याचे मूल्य उतरवायचे ते सूत्र, आणि ओलांडायच्या नाहीत अशा मर्यादा. विद्यार्थ्यांचा बहुतेक वेळ चौथ्या गोष्टीत, म्हणजे कोणती पद्धत वापरू या प्रश्नात जातो. माझ्या मते तो चुकीच्या जागी खर्च होतो. पद्धत तुम्ही लिहिलेल्या सूत्राचे किमान मूल्य शोधते. तुमच्या मनात काय होते ते तिला कळत नाही, आणि ती विचारतही नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. भूकंपाचे केंद्र जमिनीखाली कुठे होते हे कोणी पाहिलेले नसते. वेगवेगळ्या ठिकाणच्या भूकंपमापकांनी पी आणि एस या भूकंपलहरी किती वाजता पोहोचल्या ते नोंदवलेले असते, तेवढेच हाती. अज्ञात राशी चार आहेत: अक्षांश, रेखांश, खोली आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ. लुडविग गायगर यांनी १९१० मध्ये जर्मनीत जी वाट दाखवली तिचा गाभा आजही टिकून आहे. भूकंप अमुक ठिकाणी, अमुक वेळी झाला असे आधी धरायचे. तिथून निघालेली लहर प्रत्येक भूकंपमापकाशी कधी पोहोचली असती ते काढायचे. प्रत्यक्ष वेळेशी येणाऱ्या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, आणि ती बेरीज उतरेल तसे कल्पित ठिकाण सरकवत न्यायचे.

ऐकायला सोपे आहे. आता असे समजा की सगळे भूकंपमापक केंद्रापासून लांब आहेत. ठिकाण दोन-तीन किलोमीटर खाली ढकलले आणि भूकंप सुरू झाल्याची वेळ किंचित सरकवली, तर लांबच्या भूकंपमापकांवरच्या वेळा जवळजवळ तशाच राहतात. खोली आणि वेळ एकमेकींची चूक झाकतात. बेरजेच्या पृष्ठभागावर त्यामुळे एक लांब, अरुंद दरी तयार होते, जिचा तळ जवळपास सपाट असतो. ओगुस्तँ कोशी यांनी १८४७ मध्ये सुचवलेली सर्वांत जुनी पद्धत, म्हणजे जिथे उभे आहोत तिथल्या सर्वांत तीव्र उताराने खाली जाणे, अशा दरीत हमखास फसते. ती या काठावरून त्या काठावर हेलपाटे घालते आणि दरीच्या लांबीच्या दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकते. डेव्हिडन यांच्या कुळातल्या पद्धती दरीचा बाक ओळखतात आणि तळाशी लवकर पोहोचतात. पण तळ सपाट आहे हे त्यांनाही बदलता येत नाही. संगणक खोली दोन दशांशांपर्यंत छापून देतो आणि ती अहवालात जशीच्या तशी उतरते. या दोन दशांशांना काही अर्थ नसतो.

उपाय गणितात नाही. एखादा भूकंपमापक केंद्राच्या जवळ बसवणे, एस लहरीची वेळ काळजीपूर्वक वाचणे, हे उपाय. कोयनेत खोलीचा आकडा नुसत्या कुतूहलाचा नव्हता. धरणाच्या जलाशयाचा भूकंपांशी संबंध आहे का, या वादात तिथले भूकंप उथळ आहेत, बहुतेक दहाएक किलोमीटरच्या आत आहेत, हा पुरावा महत्त्वाचा होता, आणि तो पुरावा अशाच बेरजा उतरवून मिळतो. शिवाय एककांचा घोळ असतोच. अक्षांश अंशांत, खोली किलोमीटरमध्ये, वेळ सेकंदांत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तिन्ही आकडे तसेच कच्चे पद्धतीला दिले, तर निसर्गात नसलेली आणखी एक दरी आपणच खणून ठेवतो. राशींची मापे एकमेकींच्या तोलाची करून घेणे हे काम पाच मिनिटांचे आहे. ते न केल्याने वाया गेलेले आठवडे मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलेले पाहिले आहेत.

अशा दऱ्यांवर पद्धती घासून पाहण्यासाठी हॉवर्ड रोझेनब्रॉक यांनी १९६० मध्ये दोनच राशींचे एक छोटे सूत्र दिले. त्याची दरी केळ्यासारखी वळलेली आहे, तळ दोन्ही राशी १ असताना येतो आणि तिथे मूल्य शून्य असते. नेहमीच्या सुरुवातीच्या बिंदूवर, म्हणजे एक राशी –१.२ आणि दुसरी १ असताना, मूल्य २४.२ भरते. तीव्र उताराच्या पद्धतीला तिथून तळ गाठायला हजारो पावले लागतात, ब्रॉयडेन आदी चौघांच्या पद्धतीला काही डझन. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला हा सराव टाळू नये.

फरकांचे वर्गच का करायचे? हा प्रश्न वर्गात क्वचितच कुणी विचारतो. किमान वर्गांची पद्धत आद्रियँ-मारी लजांद्र यांनी १८०५ मध्ये छापली. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०९ मध्ये ती आपण १७९५ पासून वापरत असल्याचे लिहिले, आणि लजांद्र यांचा संताप झाला. त्या भांडणात इथे पडायचे कारण नाही. पण त्याच्याही जवळपास अर्धशतक आधी रुजर बॉस्कोव्हिच यांनी वर्ग न करता फरकांच्या निव्वळ आकारांची बेरीज उतरवायची असे सुचवले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. फरक केवढा पडतो पाहा. पाच मोजमापे आहेत: २०, २१, २१, २२ आणि ६०. शेवटचे बहुधा कुणीतरी चुकीचे टिपले आहे. वर्गांची बेरीज किमान करणारा आकडा म्हणजे सरासरी, २८.८. तो पाचांपैकी कुठल्याच मोजमापाच्या जवळपास नाही. निव्वळ फरकांची बेरीज किमान करणारा आकडा म्हणजे मध्यक, २१. मोजमापे तीच, किमान मूल्य दोन्हीकडे बिनचूक काढलेले, तरी उत्तरे वेगळी. वर्ग करणे म्हणजे चुका घंटेच्या आकाराच्या वितरणातून येतात आणि मोठी चूक जवळजवळ होतच नाही, असे मान्य करणे. प्रयोगशाळेत हे खरे आहे का, हे संगणकाला विचारून कळणार नाही.

सूत्र निवडण्यात काय गंमत होते याचा सर्वांत बोलका दाखला रेषीय प्रश्नांची सिम्प्लेक्स पद्धत शोधणाऱ्या जॉर्ज डँट्झिग यांनीच लिहून ठेवला आहे. १९४५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी प्रश्न घातला: ७७ खाद्यपदार्थांतून ९ पोषक घटकांची गरज भागेल असा सर्वांत स्वस्त आहार कोणता? अंदाजाने आणि चिकाटीने त्यांनी १९३९ च्या भावांनी वर्षाला ३९.९३ डॉलर असे उत्तर काढले. डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ मध्ये तयार झाली तेव्हा तिची पहिली मोठी परीक्षा याच प्रश्नावर झाली. हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर नऊ जण बसले, एका माणसाचे एकशेवीस दिवस भरतील एवढे काम झाले आणि उत्तर आले ३९.६९ डॉलर. स्टिगलर अवघ्या चोवीस सेंटांनी चुकले होते.

पुढे डँट्झिग यांना डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले. त्यांनी आपला आहार संगणकाकडून ठरवून घ्यायचे ठरवले. पोट भरल्यासारखे वाटले पाहिजे, म्हणून पदार्थाच्या वजनातून पाण्याचे वजन वजा करायचे आणि उरेल ते जास्तीत जास्त करायचे, असे सूत्र केले. यंत्राने इतर पदार्थांबरोबर पाचशे गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितले, कारण माहितीच्या तक्त्यात व्हिनेगरमध्ये पाणी शून्य असे नोंदले गेले होते. व्हिनेगर यादीतून काढले, तर यंत्राने रोज सूपच्या दोनशे वड्या सुचवल्या, कारण मिठावर वरची मर्यादा घालायची कुणालाच सुचली नव्हती. मर्यादा घातली, तर कोंडा आला. शेवटी त्यांच्या पत्नी ॲन यांनी आहार आपल्या हाती घेतला आणि वजन उतरले. यांतल्या एकाही फेरीत पद्धत चुकली नव्हती.

सिम्प्लेक्स पद्धतीचे नाव आले की मराठी वाचकाला नरेंद्र करमरकर आठवणारच, आणि आठवावेत. आयआयटी मुंबईतून १९७८ मध्ये पदवी घेतलेले करमरकर १९८४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये होते. रेषीय प्रश्नात मर्यादांनी बांधलेला प्रदेश म्हणजे अनेक मितींतला, सपाट बाजूंचा, टोकदार कोपऱ्यांचा घन. सिम्प्लेक्स त्याच्या कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्याकडे जाते. व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये असा घन रचून दाखवला, की तिला सगळे कोपरे पालथे घालावे लागतात. करमरकरांनी प्रदेशाच्या आतून वाट काढली, आणि काम प्रश्नाच्या आकाराच्या प्रमाणात आटोक्यात राहील हे सिद्धही केले. न्यूयॉर्क टाइम्सने त्याची बातमी पहिल्या पानावर दिली. कंपनीने पेटंट घेतले, त्यावर गणिताचे पेटंट घ्यावे का असा वाद झाला. अभिमानाच्या भरात दोन गोष्टी आपल्याकडे सांगायच्या राहतात. दोन वर्षांतच असे दिसून आले की ही पद्धत आणि १९५०-६० च्या दशकांतल्या, अडगळीत पडलेल्या ‘बॅरिअर’ पद्धती जवळच्या नात्यातल्या आहेत. आणि आज वापरात असलेल्या अंतर्भागी पद्धती त्यांच्या मूळ रूपात नाहीत, तर त्यातून फुटलेल्या शाखा आहेत. सिम्प्लेक्सही मेली नाही; स्पर्धेमुळे सुधारून ती अजून रोज वापरली जाते. तरीही आतून जाता येते, आणि ते फायद्याचे आहे, हे साऱ्या जगाने मनावर घेतले ते करमरकरांमुळे. हे श्रेय लहान नाही.

रेषीय प्रश्नात एक सुख असते: एकदा तळ सापडला की तोच सर्वांत खालचा. बहुतेक संशोधनात हे सुख नाही. खोलगट जागा अनेक असतात आणि उताराने जाणारी पद्धत जवळच्या खड्ड्यात बसून राहते. आयबीएममधल्या स्कॉट किर्कपॅट्रिक यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८३ मध्ये यावर तोडगा सुचवला, तो धातू तापवून सावकाश थंड करण्याच्या क्रियेवरून. सुरुवातीला चढावरही पाऊल टाकायची मुभा द्यायची आणि ‘तापमान’ उतरेल तशी ती मुभा कमी करत न्यायची. त्यांच्यापुढचा प्रश्न संगणकाच्या चिपवर भाग कुठे ठेवायचे आणि तारांची लांबी कशी घटवायची हा होता. जनुकीय पद्धतीही याच अडचणीवर चालून जातात. त्यांत आयआयटी कानपूरमध्ये असताना कल्याणमय देब यांनी सहकाऱ्यांसह केलेले, एकाहून अधिक उद्दिष्टांचे काम जगभर वापरले जाते. या पद्धतींच्या नावांची अलीकडे रेलचेल झाली आहे. मुंग्या, मधमाश्या, लांडगे, वटवाघळे, असा एकही प्राणी उरला नसेल ज्याच्या नावाने पद्धत निघाली नाही. डेव्हिड वॉल्पर्ट आणि विल्यम मॅक्रेडी यांनी १९९७ मध्येच सिद्ध केले आहे, की साऱ्या शक्य प्रश्नांची सरासरी घेतली तर कोणतीही शोधपद्धत दुसरीहून सरस नसते. प्रश्नाच्या रचनेचा फायदा घेणारी पद्धतच जिंकते. तेव्हा नवा प्राणी आणण्याआधी प्रश्न पाहावा.

उतार काढताच येत नसेल तर जॉन नेल्डर आणि रॉजर मीड यांची १९६५ ची पद्धत कामी येते. दोन राशी असतील तर तीन बिंदूंचा त्रिकोण घ्यायचा आणि सर्वांत वाईट बिंदू उलटवत खाली लोळत जायचे. दोघेही वेल्सबर्नच्या राष्ट्रीय भाजीपाला संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ होते. केन मॅकिनन यांनी १९९८ मध्ये दाखवले, की अगदी सुबक, एकाच तळाच्या सूत्रावरही ती भलत्याच जागी थांबू शकते. लोक ती तरीही वापरतात, कारण ती सोपी आहे. वापरावी, पण थांबली तिथून पुन्हा एकदा सुरू करून पाहावी.

अभियंत्यांसाठी एक वेगळा इशारा. पातळ भिंतींचा, पट्ट्यांनी मजबूत केलेला खांब घ्या. तो दोन तऱ्हांनी वाकून निकामी होऊ शकतो: सबंध खांब वाकेल, किंवा भिंतीचा एखादा तुकडा सुरकुतेल. कमीत कमी वजनाचा खांब शोधायला सांगितले, की संगणक दोन्ही तऱ्हा एकाच भाराला घडतील असा आकार देतो. कारण एक तऱ्हा मागे राहिली तर तिथे साहित्य जास्त झाले असा त्याचा हिशेब. वॉर्नर कोइटर यांनी १९४५ मध्ये डेल्फ्टच्या आपल्या प्रबंधात मांडलेल्या सिद्धांतावरून पुढे ब्रिटनमधल्या मायकेल थॉम्पसन आणि गाइल्स हंट यांनी दाखवले, की नेमका असा खांब घडणीतल्या बारीकशा दोषानेही गणितापेक्षा बऱ्याच कमी भाराला कोसळतो. कागदावरच्या किमान वजनात दोष नावाची राशीच नव्हती. मर्यादांच्या यादीत ती घालणे हे संकल्पकाचे काम.

प्रयोग करणाऱ्यांची चूक वेगळी असते. १९५३ मध्ये फ्रीमन डायसन आपल्या विद्यार्थ्यांचे गणित प्रयोगाशी कसे जुळते ते दाखवायला एनरिको फर्मी यांच्याकडे गेले. फर्मी यांनी विचारले, जुळवण्यासाठी किती राशी मोकळ्या सोडल्या? चार. मग त्यांनी जॉन फॉन नॉयमन यांची थट्टा ऐकवली: चार राशींत हत्ती बसवता येतो आणि पाचवी मिळाली तर त्याची सोंडही हलवता येते. डायसन यांनी ते काम सोडून दिले. आज लाखो राशींच्या न्यूरल नेटवर्कच्या काळात हा किस्सा जुनाट वाटेल. पण तिथेही शिकवताना न दाखवलेल्या माहितीवर चूक तपासतात, ती याच भीतीपोटी.

प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. फक्त पहिली दोन आधी वाचावीत. आणखी एक सूचना: उतार (डेरिव्हेटिव्ह) संख्यांनी काढत असाल तर पाऊल जितके लहान तितके बरे असे समजू नका. संगणकाचे सोळाएक अंक लक्षात घेता साधारण दशांशानंतरच्या आठव्या स्थानाहून बारीक पाऊल टाकले, की शेवटचे अंक गळाल्याने होणारी चूक वरचढ होते.

प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. ‘अमुक सॉफ्टवेअरने किमान मूल्य काढले’ या एका वाक्यावर भागवू नका. कोणते सूत्र उतरवले आणि तेच का, मर्यादा कोणत्या घातल्या, राशींची मापे कशी जुळवली, सुरुवात कुठून केली, किती वेगवेगळ्या जागांहून केली, कोणत्या कसोटीवर थांबलात, आणि तळाजवळ पृष्ठभाग किती सपाट निघाला, हे अर्ध्या पानात लिहा. हे अर्धे पान नसेल तर मार्गदर्शकांनी प्रबंध परत पाठवावा.